डॉक्युमेंटेशन एक सांगतं, भाषा दुसरंच करते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी मजकुरावर काम करणारे प्रोग्राम लिहिताना आणि नव्या मुलांना शिकवताना हे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो आहे. शीर्षकातली 'भाषा' म्हणजे प्रोग्रामिंगची भाषा, आणि 'डॉक्युमेंटेशन' किंवा 'डॉक्स' म्हणजे ती कशी चालते याचं लेखी वर्णन. फंक्शन आणि चिन्हांची नावं उच्चारानुसार लिहिली आहेत.

डॉक्समध्ये लिहिलेलं एक आणि घडणारं वेगळं, असं खरंच होतं का? की आपलंच वाचण्यात काही चुकतं?

होतं. याचं अगदी घरचं उदाहरण आपल्या लिपीतच आहे.

पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत मजकुरातून शब्द वेगळे काढायचे असले की बहुतेक जण रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकुरात नमुना शोधण्याच्या सूत्रात, बॅकस्लॅश-डब्ल्यू ('शब्दातलं एक चिन्ह') आणि त्यापुढे अधिकचं चिन्ह ('एक किंवा जास्त') लिहितात. पायथन ३ च्या डॉक्समध्ये या बॅकस्लॅश-डब्ल्यूबद्दल कित्येक वर्षं असं सांगितलेलं होतं की कुठल्याही भाषेतल्या शब्दात येऊ शकणारी बहुतेक चिन्हं, शिवाय अंक आणि अंडरस्कोर, त्यात बसतात. आता त्याला 'विद्यार्थी' हा एकच शब्द देऊन बघा. एक शब्द परत यायला हवा, पण हातात पाच तुकडे येतात: व, द, य, र, थ. 'मराठी' दिला तर 'मर' आणि 'ठ' असे दोन. काना, वेलांटी, जोडाक्षरातलं हलन्त, सगळं गळून जातं आणि जिथे ते गळतं तिथे शब्द तुटतो.

कारण साधं आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या व्यवस्थेत, व्यंजनं 'अक्षर' या वर्गात आहेत, तर काना, मात्रा, वेलांट्या, अनुस्वार आणि हलन्त 'मार्क' या वेगळ्या वर्गात. पायथनचं बॅकस्लॅश-डब्ल्यू फक्त अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर ओळखतं, मार्क ओळखत नाही. फ्रेंच किंवा जर्मनमधली खुणा असलेली अक्षरं सहसा एकच अक्षर म्हणून साठवलेली असतात, त्यामुळे युरोपातल्या भाषांवर चाचणी घेणाऱ्याला हे कधी दिसतच नाही. आपल्याला पहिल्याच ओळीत दिसतं.

आणखी एक गंमत बघा. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव 'विद्यार्थी' ठेवता येतं. तिथे भाषा तो शब्द अखंड, एकच नाव म्हणून घेते. म्हणजे मराठी शब्द कसा असतो हे पायथनच्या एका खोलीत ठाऊक आहे आणि शेजारच्या खोलीत नाही.

मग हे कुणी कळवलं नव्हतं का?

२००७ मध्येच कळवलं होतं. देवनागरी मजकुरातले शब्द तुकडे होऊन येतात, कारण स्वरचिन्हं बॅकस्लॅश-डब्ल्यूमध्ये धरली जात नाहीत, असं स्पष्ट लिहिलेली नोंद तेव्हा पायथनच्या बग-यादीत गेली. युनिकोडचा रेग्युलर एक्स्प्रेशनविषयीचा दस्तऐवजही शब्दाच्या व्याख्येत मार्क धरावेत असंच सुचवतो.

पुढे बदललं ते डॉक्समधलं वाक्य. अलीकडच्या आवृत्त्यांत 'कुठल्याही भाषेतल्या शब्दात' हा भाग काढला आहे. आता तिथे म्हटलंय की 'इझ-अल्न्यूम' ही मेथड ज्यांना अक्षर किंवा अंक मानते ती चिन्हं, आणि अंडरस्कोर. वर्तन आणि वाक्य आता जुळतात. हे प्रामाणिक आहे आणि आधीच्यापेक्षा नक्कीच बरं आहे, कारण खोटं आश्वासन देणाऱ्या वाक्यापेक्षा तोकडं पण खरं वाक्य वाचणाऱ्याचा वेळ वाचवतं. पण माझं मन त्यावर भरत नाही. दोन गोष्टी जुळत नसतील तर कुठली बदलायची हा निर्णय असतो, आणि इथे झळ बसली ती काना-मात्रा वापरणाऱ्या सगळ्या भाषांना.

तोवर मराठी शब्द मोजायचे कसे?

पायथनसाठी 'रेजेक्स' नावाचं वेगळं पॅकेज, म्हणजे बाहेरून जोडायचा तयार कोड, आहे. त्याच्या बॅकस्लॅश-डब्ल्यूमध्ये मार्क येतात आणि 'विद्यार्थी' अख्खा परत मिळतो. पर्ल या भाषेत आणि रस्ट या भाषेच्या रेजेक्स लायब्ररीतही हे बरोबर चालतं. जावा, जावास्क्रिप्ट आणि गो या भाषांचं बॅकस्लॅश-डब्ल्यू मुळात फक्त इंग्रजी अक्षरांपुरतं आहे, आणि त्यांचे डॉक्स ते सरळ सांगतात. जावामध्ये युनिकोडसाठी वेगळा फ्लॅग (पर्याय) द्यावा लागतो.

काही जण युनिकोडमधला देवनागरीचा पट्टा, ०९०० ते ०९७एफ, हाताने लिहितात. चालतं, पण दोन ठिकाणी फसतं. दंड आणि दुहेरी दंड ही विरामचिन्हं त्याच पट्ट्यात आहेत, म्हणून ओवीच्या शेवटचा दंड शब्दाला चिकटून येतो. दुसरं म्हणजे 'दुसऱ्या'मधला अर्धा र. तो दोन प्रकारे टाइप होतो: एक खास ऱ वापरून, दुसरा साध्या र आणि हलन्तापुढे झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं चिन्ह घालून. ते चिन्ह देवनागरीच्या पट्ट्याबाहेर आहे, त्यामुळे जुन्या पद्धतीने टाइप केलेला 'दुसर्‍या' तिथेच फुटतो. पट्टा वापरायचाच असेल तर दंड वगळा आणि जॉइनर आत घ्या.

एकाच भाषेच्या डॉक्समध्ये दोन ठिकाणी दोन गोष्टी लिहिलेल्या असू शकतात का?

असू शकतात. अंक ओळखणारं पायथनचं बॅकस्लॅश-डी घ्या. मुख्य संदर्भात सांगितलंय की साध्या स्ट्रिंगवर (मजकुरावर) ते युनिकोडमधले सगळे दशमान अंक ओळखतं, म्हणजे देवनागरी ९ सुद्धा. नवशिक्यांसाठीच्या 'हाऊ-टू'मध्ये मात्र यादीत ते इंग्रजी शून्य ते नऊ एवढ्याशीच समान असल्याचं लिहिलेलं आहे. यादीच्या आधी युनिकोडबद्दल सावध करणारं वाक्य आहे, पण शोधातून थेट यादीवर उतरणारा ते वाचत नाही.

हा फरक कुठे चावतो ते सांगतो. पत्त्याच्या फॉर्ममध्ये कुणी मराठी कीबोर्डवरून पिनकोड ४११०३० असा देवनागरीत टाकला. ब्राउझरमधलं जावास्क्रिप्ट तो नाकारतं, कारण तिथलं बॅकस्लॅश-डी फक्त इंग्रजी आकडे ओळखतं. तोच पत्ता मोबाइल ॲपमधून थेट सर्व्हरवर आला तर पायथन तो बिनतक्रार स्वीकारतं आणि डेटाबेसमध्ये देवनागरी आकडे जाऊन बसतात. मग इंग्रजी आकड्यांनी शोधणाऱ्याला सदाशिव पेठेतलं हे गिऱ्हाईक सापडतच नाही. मराठीत टाइप करणाऱ्याला नाकारणं हा यावरचा उपाय नव्हे. आकडे आत घेतानाच एका रूपात आणावेत. मजकुरातून संख्या बनवणारं पायथनचं 'इंट' देवनागरी आकडे नीट वाचतं, फक्त शून्याने सुरू होणारे क्रमांक असतील तर आधीचं शून्य उडतं, तेवढं सांभाळा.

डॉक्स मागे पडतातच का? लिहिणारे निष्काळजी असतात का?

मला तसं वाटत नाही. कोड चुकला की चाचणी लाल होते, म्हणजे नापास होते, वापरणारे ओरडतात. वाक्य चुकलं तर काहीच होत नाही. ते वर्षानुवर्षं तसंच शांतपणे पानावर बसून राहतं. फंक्शनचं वर्तन बदलणारा माणूस त्या फंक्शनचं वर्णन बहुधा बदलतो, पण त्याच वर्तनावर विसंबून लिहिलेली आणखी तीन पानं कुठे आहेत हे त्याला माहीत नसतं. ट्यूटोरियल एकाने लिहिलेलं असतं, संदर्भ दुसऱ्याने, भाषांतर तिसऱ्याने. भर म्हणजे शोधयंत्रं जुन्या आवृत्तीचं पान आनंदाने वर आणतात. जवळजवळ प्रत्येक भाषेच्या पानावर आवृत्तीचा आकडा असतो. माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या तक्रारी मी आधी तिथेच बघतो, आणि पुष्कळदा गुंता तिथेच सुटतो.

डॉक्समध्ये हमी नाही, पण माझ्याकडे तर नेहमी बरोबर चालतंय. मग विसंबून का राहू नये?

कारण 'नेहमी' म्हणजे 'मी बघितलं तेवढ्या वेळा'. जावास्क्रिप्टमधली यादी क्रमाने लावणारी 'सॉर्ट' मेथड हे यासाठी शिकवण्याजोगं उदाहरण आहे. समान गुण असलेल्या दोन मुलांचा आधीचा क्रम सॉर्टनंतर टिकतो का? टिकला तर त्या सॉर्टला स्थिर म्हणतात. जावास्क्रिप्टच्या मानकात, म्हणजे भाषेच्या अधिकृत नियमांत, स्थिरतेची हमी बरीच वर्षं नव्हती. क्रोमच्या व्ही-८ इंजिनात (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या भागात) दहा किंवा कमी घटकांच्या यादीसाठी इन्सर्शन सॉर्ट ही पद्धत वापरली जाई, जो स्थिर असतो. त्याहून मोठ्या यादीसाठी क्विकसॉर्ट, जो स्थिर नसतो.

आता टेबलाशी बसलेला प्रोग्रामर डोळ्यांपुढे आणा. तो पाच-सात नावांची यादी करून बघतो. क्रम टिकतो. पुन्हा बघतो, पुन्हा टिकतो. तो निर्धास्त होतो. शाळेचा निकाल लागतो, वर्गात साठ मुलं, आणि समान गुणांची नावं मागेपुढे. कोडमध्ये एक अक्षरही बदललेलं नसतं. फायरफॉक्समध्ये मर्ज सॉर्ट होता, तिथे साठ मुलांचाही क्रम टिकायचा, म्हणजे चूक शोधणारा आणखीच गोंधळात. २०१८ मध्ये क्रोम ७० पासून व्ही-८ स्थिर सॉर्टवर गेलं आणि २०१९ च्या मानकाने ती हमी लेखी दिली. आज विसंबून राहा. २०१७ मध्ये तसं करणं चूक होतं, चालत असलं तरी.

डॉक्स बरोबर होते, तरी सगळ्यांचं बिघडलं, असं कधी झालंय का?

२०१० चं 'मेमकॉपी' प्रकरण. सी भाषेत मेमरीचा एक भाग दुसरीकडे नेण्यासाठी 'मेमकॉपी' आणि 'मेममूव्ह' अशी दोन फंक्शन्स आहेत. दोन्ही भाग एकमेकांवर चढत असतील तर मेममूव्हच वापरा, मेमकॉपीचं काय होईल सांगता येत नाही, असं डॉक्स पहिल्यापासून बजावत होते. पण लिनक्सवर ही फंक्शन्स पुरवणारी ग्लिबसी लायब्ररी मेमकॉपी पुढून मागे करायची, त्यामुळे चढणाऱ्या भागांवरही पुष्कळदा निभावून जायचं. मग काही प्रोसेसरवर वेग वाढावा म्हणून ती मागून पुढे कॉपी करू लागली. फेडोरा १४ या लिनक्सच्या एका प्रकारावर लोकांच्या ६४-बिट फ्लॅश प्लेअरमधला आवाज विचित्र येऊ लागला.

लायब्ररीवाले म्हणाले, डॉक्स वाचा. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी याविषयीच्या बग-नोंदीत उलटी बाजू घेतली: वापरणाऱ्याला मानकाशी कर्तव्य नसतं, काल चालणारी गोष्ट आज बंद पडली एवढंच त्याला दिसतं. अखेर ग्लिबसी २.१४ मध्ये मेमकॉपीची नवी आवृत्ती वेगळ्या खुणेने दिली गेली आणि जुन्या बांधलेल्या प्रोग्रामना जुनं, सुरक्षित वर्तन मिळत राहिलं. मला दोन्ही बाजू पटतात. डॉक्स खरे होते. पण कित्येक वर्षं जे प्रत्यक्षात चाललं, तेही लोकांनी वाचलेलं एक डॉक्युमेंटेशनच होतं. गूगलमध्ये काम केलेले हायरम राइट यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम हेच सांगतो: वापरणारे पुरेसे असले, की तुमच्या प्रणालीच्या प्रत्येक दिसणाऱ्या वर्तनावर कुणी ना कुणी विसंबलेलं असतं, तुम्ही कागदावर काहीही लिहा.

मग भाषा बनवणाऱ्यांनी करायचं तरी काय?

दोन टोकांचे दोन मार्ग दिसले आहेत. पायथन ३.६ डिसेंबर २०१६ मध्ये आलं तेव्हा डिक्शनरीमध्ये (नाव आणि त्याची किंमत अशा जोड्यांच्या साठ्यात) घातलेला क्रम टिकू लागला, पण डॉक्समध्ये इशारा होता की हा अंमलबजावणीचा योगायोग समजा, विसंबू नका. लोक विसंबले. वर्षभरात पायथनचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांनी ते भाषेचं वचनच करून टाकलं आणि जून २०१८ च्या ३.७ पासून ते लेखी आहे.

गोने उलट केलं. मॅपवर (गोमधल्या डिक्शनरीवर) फिरताना क्रम ठरलेला नाही, असं मानकात लिहिलं, आणि कुणी चुकूनही विसंबू नये म्हणून फेरीची सुरुवातच मुद्दाम यादृच्छिक ठेवली. चुकीचं गृहीत धरलेला कोड तिथे पहिल्या दिवशीच डळमळतो. मला हा मार्ग जास्त आवडतो. वाक्य न वाचणाऱ्यालाही वाक्य कळतं.

कधी उलटही होतं का? म्हणजे वर्णन बरोबर, कोडच चुकलेला?

पीएचपी या भाषेचं 'एमटी-रँड' हे फंक्शन मर्सेन ट्विस्टर या प्रसिद्ध पद्धतीने यादृच्छिक आकडे देतं असं सांगितलं जाई. प्रत्यक्षात कोडमध्ये एका जागी व्ही ऐवजी यू हे व्हेरिएबल पडलं होतं, त्यामुळे निघणारे आकडे खऱ्या मर्सेन ट्विस्टरचे नव्हते. डिसेंबर २०१६ च्या पीएचपी ७.१ मध्ये ते सुधारलं. पण ठरावीक बीज (सुरुवातीचा आकडा) देऊन तेच आकडे पुन्हा मिळवणारे लोक होते, म्हणून जुनं चुकीचं वर्तनही एका पर्यायाच्या रूपात ठेवावं लागलं.

क्रमाने लावलेल्या यादीत दर वेळी मधोमध बघत शोधणाऱ्या जावाच्या बायनरी सर्चचंही तसंच. मधली जागा काढताना दोन टोकांची बेरीज करून निम्मी करायची, हे पाठ्यपुस्तकातलं गणित. यादी सुमारे १०७ कोटी घटकांच्या वर गेली की ती बेरीज ३२ बिटांत मावत नाही, उणे होते आणि प्रोग्राम कोसळतो. जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये स्वतःच्याच कोडमधली ही चूक जाहीरपणे समजावून सांगितली. तोवर ती जावामध्ये सुमारे नऊ वर्षं होती. वर्णनात यादीच्या लांबीची कुठलीही अट नव्हती, आणि नसायलाच हवी होती.

दोन्ही जुळत नसतील तर विश्वास कशावर ठेवू?

आजचं काम चालवायला तुमच्या मशीनवरच्या, तुमच्या आवृत्तीच्या प्रत्यक्ष वर्तनावर. उद्याही चालावं म्हणून लेखी वचनावर. दोन्हींत जे समान आहे तेवढंच वापरता आलं तर सगळ्यात उत्तम. मानक असेल तर ते संदर्भापेक्षा वरचं, संदर्भ ट्यूटोरियलपेक्षा वरचा. एआयला विचारलंत तर त्याच्या उत्तरात तीन आवृत्त्या मिसळलेल्या असू शकतात. ते चालवून बघा.

आमच्या टीमच्या आतल्या डॉक्सचं काय? तिथे तर कुणीच बघत नाही.

तिथेच सगळ्यात जास्त माणसं हैराण होतात. मी पूर्वी जिथे काम करायचो तिथल्या एका सेटिंगच्या वर कॉमेंट होती: 'वेळ सेकंदांत'. ती लिहिली तेव्हा खरी होती. नंतर कुणी तरी आतलं फंक्शन मिलिसेकंदांवर नेलं आणि कॉमेंट तशीच राहिली. नव्याने आलेल्या एका मुलीने तिथे ३० लिहिलं. सर्व्हर तीस सेकंद वाट बघण्याऐवजी सेकंदाच्या तीन शतांशांतच हात वर करू लागला. दोन दिवस ती नेटवर्कला दोष देत राहिली, आणि आम्ही तिला. ते आजही मला लागतं. तिने तर डॉक्स वाचले होते.

त्यानंतर मी एककं नावातच घालतो: 'वेळ_मिलिसेकंद'. वापरणाऱ्या प्रत्येक ओळीत ते नाव दिसतं, त्यामुळे एकक बदलणाऱ्याला नाव बदलावंच लागतं.

मोठ्या पातळीवर याचं उत्तर म्हणजे डॉक्समधली उदाहरणं चाचणी म्हणून चालवणं. पायथनमध्ये 'डॉकटेस्ट' २००१ पासून आहे: वर्णनात दिलेलं उदाहरण चालवून लिहिलेलं उत्तर येतं का ते तपासतं. रस्टमध्ये कार्गो या सोबतच्या साधनाची चाचणी आज्ञा डॉक्समधले कोडचे नमुने आपोआप चालवते. गोमध्ये उदाहरणाच्या फंक्शनखाली अपेक्षित उत्तर कॉमेंटमध्ये लिहितात आणि तेही पडताळलं जातं. उदाहरणं याने ताजी राहतात. 'कुठल्याही भाषेतले शब्द' असं मोघम वाक्य मात्र कुठलीच चाचणी पकडत नाही. ते पकडायला ती भाषा लिहिणारा माणूसच लागतो.

चूक सापडली तर कळवायची कशी? माझं इंग्रजी यथातथाच आहे.

पुरेसं आहे. चार गोष्टी द्या: आवृत्ती, दिलेला मजकूर, आलेलं उत्तर, आणि डॉक्समधलं ते नेमकं वाक्य, पानासकट. देवनागरी उदाहरण देत असाल तर प्रत्येक चिन्हाचा युनिकोड क्रमांकही लिहा, कारण वाचणाऱ्याला काना कुठे संपतो आणि व्यंजन कुठे सुरू होतं हे दिसत नसतं. पायथनच्या डॉक्सच्या बाजूच्या पट्टीत बग कळवण्याचा आणि पानाचा मूळ मजकूर बघण्याचा दुवा असतो. एका वाक्याची दुरुस्ती पाठवायला सी भाषा यावी लागत नाही.

पायथनचं बॅकस्लॅश-डब्ल्यू पुढे कधी बदललं तर माझा प्रोग्राम मोडेल का?

तुम्ही आजच्या तुकड्यांवर विसंबून काही लिहिलं असेल तर मोडेल, आणि नेमकं म्हणूनच तो बदल करणं सोपं नाही. माझ्या प्रत्येक मराठी प्रोजेक्टमध्ये मी एक छोटी चाचणी ठेवतो: 'विद्यार्थी' दिला की पायथनच्या स्वतःच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधून पाच तुकडे यायला हवेत. आजवर ती हिरवी आहे. ज्या दिवशी ती लाल होईल त्या दिवशी मी 'रेजेक्स' हे वेगळं पॅकेज काढून टाकीन.